सोमवारची गोळी

"सुनेच्या मांडीवर लेकरू दे महादेवा, जन्मभर सोमवार धरीन," असा नवस नीलम्मा बोलली तेव्हा मी तिथंच होते. मी तिच्या पोटरीतली एक स्नायूपेशी. डोळ्यांना दिसत नाही म्हणून मला नाकारू नका. देवापुढं ती उभी होती ती आमच्याच जोरावर.

माझा जन्म चाकूरचा, तिच्या आईच्या पोटातला. पुष्कळ इवल्या पेशी एकमेकींत मिसळल्या आणि मी झाले. तिच्या तरुणपणी विहिरीच्या पायऱ्या, डोक्यावर घागर, ज्वारीची काढणी. भूक लागायची. साखर रक्तातून यायची, पण माझं दार तिला उघडता येत नाही. आधी इन्सुलिन नावाचा निरोप्या दारावर थाप देतो. मग आत एक दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, तेव्हा कुठं साखरेची दारं उघडतात. शरीराचा कारभार असाच निरोपांवर चालतो. निरोप मध्येच अडला की दुखणं.

लग्न करून ती उदगीरला आली. नवऱ्याचं, अण्णारावांचं, धान्याचं दुकान वाढलं आणि नीलम्माचं बसणंही वाढलं. मला काम उरलं नाही. माझ्यात चरबी साचली, ती आतले निरोप अडवू लागली. निरोप्या मात्र सारखा दारात. आत्ताच तर येऊन गेलास, परत कशाला? मला त्याचा संशय येऊ लागला. मी दार लावून घेतलं. साखर बाहेर रक्तातच फिरत राहिली.

डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी दिली. पण नवस फळून नात अक्षरा झालेली, सोमवार तर सोडायचा नाही. गोळी पोटात गेली की उपास मोडतो, असं नीलम्मानं मनाशी धरलं. गोळी बंद, साबुदाणा, रताळी, गुळाचे लाडू चालू. ते उपासाचंच ना! श्रावणात तर रोज असंच.

चपलेनं अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल कदाचित.

नीलम्माला आता सुनेचाच संशय.

"सुकन्या, चहात काय मिसळायलीस? कडू लागतोय."

"साखर न्हाई त्यात, आत्या."

"गोळी कुटून टाकली असशील. माझा उपास मोडायला टपलीस तू."

"टाकली असती तर पाय असा राहिला असता का?"

अण्णाराव बाहेरून म्हणाले, "मला बी कडूच दे गं पोरी. तिला एकटीला लई जड जायलंय."

सुकन्या जखमेची पट्टी सोडायला खाली बसली.

"आत्या, नवस तुम्ही माझ्यासाठी बोललात. त्याच्यापायी तुमचा पाय गेला, तर मी अक्षराला मांडीवर घेऊ कशी?"

नीलम्मानं पाय तिच्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "डॉक्टरला इचार, सोमवारी काय खायचं अन् गोळी कशी घ्यायची. महादेव काय माझ्या तोंडात डोकावून बघायलाय व्हय?"

सोमवार राहिला, लाडू गेले, गोळी आली. जखम हळूहळू भरली. अंगठा वाचला.

मग डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालताना मी आकसते, सैल होते, आणि त्या हालचालीतूनच माझ्या आत दुसरा एक निरोप उठतो. त्याला दारावर थाप लागत नाही. बंद पडलेली वाट सोडून तो वेगळ्या वाटेनं जातो आणि साखर आत येते. इन्सुलिनवरचा माझा संशय अजून पुरता गेलेला नाही. मधूनच त्याला दारात ताटकळत ठेवते. पण संध्याकाळी नीलम्मा नातीचं बोट धरून निघाली की मला कसली शंका राहत नाही.

तुमच्याही पोटऱ्यांत माझ्यासारख्या आहेत, बाई. पुढचा सोमवार धराल तेव्हा औषधाचं डॉक्टरांना विचारून धरा, आणि देवळाला जाल तेव्हा पायीच जा.