दोन्ही तबकड्या थांबल्या तेव्हा

मी एक जुने बुद्धिबळाचे घड्याळ आहे. मित्रांनो, माझी पेटी अक्रोडाच्या लाकडाची, तबकड्या दोन आणि वय लमझिराबाईंच्या संसाराएवढे. आमच्या कुताईसी शहरात मुलीच्या रुखवतात बुद्धिबळाचा पट मांडतात. बाईंच्या रुखवतातल्या पटासोबत मी आले. पुढे बाई शहराच्या मंडळात पंच झाल्या आणि मीही तिथल्या टेबलावर बसू लागले. खेळी करून कळ दाबली की आपली तबकडी थांबते, समोरच्याची सुरू होते. चाळीस वर्षांत मी कुणाला एक मिनिट जास्त दिले नाही की कमी दिले नाही.

नवी, आकडे दाखवणारी घड्याळे आली तेव्हा माझी रवानगी कपाटात झाली. पण एका वसंतात शेवटच्या फेरीच्या सकाळी त्यांतले एक बंद पडले. बाईंनी मला पदराने पुसावे तसे रुमालाने पुसले, किल्ली दिली आणि म्हणाल्या, "हे म्हातारं दगा द्यायचं नाही."

सामना होता नेस्तान आणि गुराम यांचा. गुराम तीन वेळचा विजेता. नेस्तान चार महिन्यांच्या बाळाची आई. जिंकली तर देशाच्या स्पर्धेला जाणार. बाळ बाहेर तिच्या सासूच्या मांडीवर होते. खेळी करायची, माझी कळ दाबायची आणि पाजायला जायचे, असे तिचे चालले होते. चौथ्यांदा परतल्यावर तिने बराच विचार करून घोडा असा टाकला, की गुरामचा राजा कोंडीत सापडला. ती कळ दाबणार तोच तो ओरडला,

"दुपट्यात बाळ आहे की फोन? बाहेर जाते आणि यंत्राची खेळी घेऊन येते!"

सगळ्या माना वळल्या. नेस्तान पांढरीफटक पडली. आणि मी मात्र तिचीच मिनिटे खात होते.

लमझिराबाई धावत आल्या. त्यांनी आधी माझ्या दोन्ही तबकड्या थांबवल्या. "हिची वेळ जळायला नको. आता बोलायचं ते आत चला, तिथे बोला."

मला काखेत मारून त्या आतल्या खोलीत आल्या. गुरामला दाराबाहेर उभे करून एका बाईमाणसाने नेस्तानची झडती घेतली. खिशात निघाले बाळाचे टोपडे. मग गुरामला आत घेऊन बाईंनी नेस्तानचा नोंदीचा कागद मागितला. आमच्याकडे प्रत्येक खेळीपुढे आपण घेतलेली मिनिटे लिहायची जुनी सवय आहे.

"बाहेरून आली की दर वेळी पंधरा, अठरा मिनिटं विचार करतेय. यंत्राची खेळी आणली असती तर आल्याआल्या खेळली असती. तू आपलीच मिनिटं लिहीत बसलास, गुराम. हिची कधी पाहिलीस?"

"नाटकही असेल, बाई."

"असेल. नसेलही. तू डोळ्यांनी काय पाहिलंस?"

गुरामने दाराकडे बोट दाखवले. "ती दारातून जाताना पाहिली."

"मग तेवढंच लिही आणि खाली सही कर."

त्याने पेन उचलले आणि परत ठेवले. "चुकलो, पोरी."

"काका, ओरडलात बाहेर," नेस्तान म्हणाली. "चुकलो तेही बाहेरच म्हणा."

तो बाहेर गेला आणि म्हणाला. शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू आले.

खेळ पुन्हा सुरू झाला. पण नेस्तान आता पटापेक्षा वळलेल्या मानांकडेच पाहत होती. एक खेळी चुकली, डाव बरोबरीत सुटला आणि अर्ध्या गुणाने तिची संधी हुकली. शब्द परत घेता आला. तो अर्धा गुण काही परत आला नाही.

नेस्तान रडली नाही. बाळाला कडेवर घेत बाईंना म्हणाली, "पुढच्या वर्षी हेच घड्याळ मांडा."

मांडले. पोरगे आता धावू लागले होते, म्हणून ती आणखी जास्त वेळा उठली. एकही मान दाराकडे वळली नाही. गुरामने हरल्यावर स्वतःहून हात पुढे केला, आणि नेस्तान देशाच्या स्पर्धेला गेली.

मित्रांनो, मला हलक्या हाताने किल्ली द्या, कळ आपटू नका. आणि कुणाचा संशय आला तर पंचांच्या कानावर घाला. पाहिले असेल तेवढेच सांगा. माझी कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, तुटली तर दुरुस्तीवाला नवी बसवून देतो. माणसाच्या नावाला तसा दुरुस्तीवाला नाही.