हयातीची बुटी

भीमपूरच्या बाजारात सगळ्यात मोठी गर्दी एका बुवांपुढे असायची. पुढ्यात पाण्याची परात, हातात वाळून मुठीसारखी मिटलेली तपकिरी बुटी. "खास हिमालयातली! हरवलेल्याचं नाव घ्या. हयात असेल तर बुटी डोळे उघडेल!" मग बुटी परातीत सोडून भजन सुरू व्हायचं, आणि ते संपेपर्यंत बुटी हिरवीगार पसरलेली असायची. बायका रडत हात जोडायच्या.

पंचफुला तीन वर्षं येत होती. तिचा नवरा रामाजी मंचेरियलकडे कामाला गेला तो परतलाच नाही. शोधायला जावं, तर बुवांची ताकीद होती: "मागे गेलीस तर बुटी मिटेल आणि त्याचा जीव जाईल." म्हणून ती घरातच वाट बघायची. दाराशी कुत्रं जरी खसपसलं तरी उठून बघायची.

त्या दिवशी यंदाच बदली होऊन गावच्या शाळेत आलेले मोतीराम गुरुजी पुढे झाले. "माझ्यातर्फे पण एक नाव घ्या. मनकर्णा."

भजन संपलं, बुटी उघडली. "हयात आहे! लवकरच घरी येईल!" बुवा गरजले.

"मनकर्णा माझी बायको," गुरुजी म्हणाले. "चार वर्षांपूर्वी मीच तिला अग्नी दिला."

गुरुजींनी पिशवीतून तशीच बुटी काढली आणि पाण्याच्या तांब्यात टाकली. नाव नाही, भजन नाही. थोड्या वेळाने तीही उघडली.

"नेरडीगोंड्याच्या डोंगरातल्या उघड्या खडकावरून आणली. तिथे माती नाही, आठ महिने पाऊस नाही, साग तग धरत नाही. ही जगते, कारण उन्हात अंग मिटून घेते आणि पाणी लागलं की उघडते. आपण काळ्या मातीतले लोक, तो खडक कधी चढलोच नाही."

बुवा परात उचलून केव्हाच सटकले होते.

"मंग माये मालक हायेत का नाई, गुरुजी?" पंचफुलाने विचारलं.

"ते बुटीला ठाऊक नाही, बाई. मलाही नाही. जाऊन विचारावं लागेल."

ती मंचेरियलला गेली. रामाजी पहिल्याच पावसाळ्यात तापाने गेला होता. सोबत्यांना त्याच्या गावाचं नाव माहीत नव्हतं, म्हणून निरोप आला नव्हता. तो राहायचा त्या खोलीच्या पायरीवर बसून ती दिवसभर रडली.

महिन्याने इच्चोड्याच्या बाजारात तिला तेच बुवा दिसले. एक म्हातारी मुलाचं नाव घेत होती. पंचफुला तिच्याजवळ जाऊन बसली.

"काकी, ही बुटी निस्त्या पान्यानं उघडते. पोरगा कुठं हाय ते मानसाईले इचारा लागते. एकटीनं जावाले भेव वाटते, मले मालूम हाय. चाला, मी येतो तुमच्यासंगं."