दोन बकलांच्या बुटांची कैफियत

मला घडवणाऱ्या कारागिराने मला फर्म्यावरून उतरवलं, तेव्हाच एक गोष्ट सांगून ठेवली होती. फर्मा म्हणजे लाकडाचा पाय. त्याच्यावर चामडं ओढून बूट बेततात. त्याने मला उजेडाकडे धरलं, फुंकर मारून भुसा उडवला आणि म्हणाला, "नव्या बुटात पाय कुरकुरणारच. कुरकुरू दे. पण ज्या दिवशी तो एकदम गप्प होईल ना, त्या दिवशी घाबर."

शेजारच्या बाकावर टाके घालणारी त्याची बहीण म्हणाली, "बुटांशी गप्पा मारून झाल्या असतील तर तो दुसरा घे हातात. सकाळपासून तळाशिवाय पडलाय."

मित्रांनो, मी ते बोलणं या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. नव्या कोऱ्या जोडीला असल्या गोष्टींत काय रस असणार? माझं सगळं लक्ष माझ्या बकलांकडे होतं. मला नाडी नाही. बाजूला एकाखाली एक असे दोन पट्टे आणि त्यांना दोन पितळी बकलं. रंग गडद लाल, जवळजवळ काळ्याकडे झुकलेला. टोक निमुळतं, आणि त्या टोकावर सुईने टोचून काढलेली बारीक नक्षी. मला पाहून लोक चालता चालता थांबत, आणि मला तेवढं पुरत होतं.

मी ज्या दुकानात आले ते पुरुषांच्या कपड्यांचं तीन मजली दुकान होतं. खाली शर्ट, वर सूट, आणि मधल्या जिन्यापाशी काचेच्या कपाटांत बूट, पट्टे, टाय, कफलिंक. सुटांच्या मजल्यावर सगळ्यांत जुने विक्रेते होते, त्यांना सगळे नवरदेव म्हणत. रोज सकाळी लग्नाला उभं राहायचं असल्यासारखे नटून येत, म्हणून. गळ्यात टेप, खिशात घडी घातलेला रुमाल, आणि मनगटाशी बटणांऐवजी कफलिंक. आखूड मानेच्या माणसाला कोणती कॉलर शोभेल, पोट सुटलेल्याने कोटाचं कोणतं बटण उघडं ठेवायचं, हे त्यांना टेप न लावताच कळे. गिऱ्हाईक आरशात स्वतःला पाहण्याआधी नवरदेवांना पाहत असे आणि म्हणत असे, "मला तुम्ही घातलाय तसाच द्या."

त्यांचा एक ठरलेला मंत्र होता. "साहेब, बुटाच्या टोकाला अंगठ्याएवढी जागा सुटलीच पाहिजे. दिसायला कितीही छान असो, घट्ट असेल तर मी देणार नाही." हे मी काचेआडून दिवसातून दहा वेळा ऐकत होते. आणि याच माणसाने, माझा त्यांच्या मापाचा नंबर संपलेला असताना, अर्धा नंबर लहान असलेली मी उचलली, आरशासमोर दोन पावलं टाकली, ओठ घट्ट मिटून तिसरं टाकलं आणि म्हणाले, "चामडं आहे. सोडेल."

काय बोलायचं आता?

पहिलं वर्ष पाय खरोखर कुरकुरला. टाचेला फोड आला, करंगळीवर कुरूप झालं. घरी आले की नवरदेव स्टुलावर बसून मला काढत आणि डोळे मिटून घेत. बायको म्हणे, "अहो, साधे चपटे बूट घ्या की. दिवसभर उभं राहायचं असतं तुम्हाला." ते म्हणत, "साधे बूट घालून मी काय साधे सूट विकू?"

मग दुसऱ्या वर्षी कधीतरी पाय गप्प झाला. फोड नाही, तक्रार नाही, डोळे मिटणं नाही. नवरदेव खूश झाले. "बघ," ते बायकोला म्हणाले, "सांगितलं होतं ना, सोडेल म्हणून." मीही फुशारले. मला वाटलं, आपण अखेर या पायाला आवडलो. खरं तर मी तसूभरही सैल झाले नव्हते, हे मला सोडून आणखी कोणाला माहीत असणार? पण कौतुक होत असताना कोण बोलतं.

त्यांना शुगर होती. गोळ्या घेत, कधी विसरत. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं होतं की रक्तातली साखर बरीच वर्षं चढी राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, तेव्हा रुंद तोंडाचे मऊ बूट घ्या आणि रोज तळपाय बघत जा. दवाखान्यातून बाहेर पडता पडता नवरदेव मला पाहून हसले आणि म्हणाले, "तळपाय कोण बघतं? लोक बूट बघतात."

माझी निगा मात्र अशी राखत, की सांगायची सोय नाही. दुकानाची सुट्टी सोमवारी. त्या दिवशी वर्तमानपत्र पसरून बसत. आधी कोरडा ब्रश, मग जुन्या बनियनच्या तुकड्याने मेण, मग बकलांसाठी कापूस. रोज संध्याकाळी माझा आकार बिघडू नये म्हणून आत लाकडी ठोकळे सरकवत. मोजेही माझ्याच रंगाचे, गडद लाल. बायको एकदा म्हणाली, "माझ्या चेहऱ्याकडे इतकं निरखून कधी बघितलं नाहीत."

"तुझ्यावर ओरखडे पडत नाहीत," ते म्हणाले.

"पडतात. तुम्हाला दिसत नाहीत."

माझ्यावरचा केसाएवढा ओरखडा त्यांना दारातून दिसे. पण सात वर्षांत या माणसाने माझ्या आत एकदाही हात घातला नाही. एकदाही नाही, मित्रांनो.

आता त्यांच्या मुलीबद्दल सांगते. ती जवळच राहते, आणि तिला अडीच वर्षांची मुलगी आहे. घरात तिला चिमणी म्हणतात. ही लेक म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसलेली आई. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, कपाटांना कड्या, आणि चिमणीच्या बोटाएवढ्या बुटांची तर रोज झडती. उलटा करायचा, झटकायचा, आत बोट फिरवायचं, मगच पायात. खडा निघाला तर त्याला खिडकीपाशी नेऊन बघायची. चिमणीलाही ते पाठ झालं होतं. "झटक, आई, झटक," असं म्हणत ती पाय पुढे करायची.

चिमणीचा त्या दिवसांत एकच उद्योग होता, वस्तूंना झोपवणं. चमचा उशीच्या अभ्र्यात, कंगवा आजीच्या पर्समध्ये, आणि साबण फ्रीजमध्ये, कारण त्याला उकडत होतं. एका सोमवारी नवरदेव मला चकचकीत करून हात धुवायला गेले आणि चिमणीने ड्रेसिंग टेबलावरची एक कफलिंक उचलली. चौकोनी, सोनेरी, धारदार कोपऱ्यांची. लेकीने पहिल्या पगारातून वडिलांना दिलेली जोडी होती ती. चिमणीने ती माझ्या उजव्या बुटात अगदी टोकापर्यंत ढकलली, वरून थोपटलं आणि निघून गेली. संध्याकाळी नवरदेवांनी नेहमीसारखा लाकडी ठोकळा आत सरकवला. त्याने कफलिंक माझ्या अस्तरात पक्की रुतवली.

मंगळवारी सकाळी नवरदेवांनी घर डोक्यावर घेतलं.

"इथेच ठेवली होती."

"मी हात लावलेला नाही," बायको म्हणाली.

"मग गेली कुठे? पाय फुटले तिला?"

"दुसऱ्या चार जोड्या आहेत. एखादी लावा आणि निघा."

"ती आपल्या पोरीने दिलेली आहे. दुसऱ्या म्हणे."

गादी उचलली, सोफ्याच्या खाली झाडू घातला, कपाट ओढलं. आणि हे सगळं करताना पायात कोण होतं? मी. जिच्या शोधात हा माणूस खोलीभर फिरत होता, तिच्याच कोपऱ्यावर त्याचा अंगठा होता. प्रत्येक पावलाला ती आत रुतत होती. मी करकरले. बकल मुद्दाम सैल सोडलं. त्यांनी वाकून बकल लावलं, रुमालाने त्यावरचा बोटाचा ठसा पुसला आणि कामावर निघाले.

एखाद्याला साधा खडा टोचला तर तो वाटेत एका पायावर उभा राहून बूट झटकतो. हे दहा तास सुटांच्या मजल्यावर उभे राहिले, जिने चढले, गिऱ्हाइकांना म्हणाले, "टोकाला जागा हवी, साहेब." त्या वेळी माझं अस्तर ओलं व्हायला लागलं होतं.

बुधवारी जास्त. गुरुवारी त्या ओलीला वास यायला लागला. घरी आल्यावर त्यांनी मोजे काढले आणि न बघता धुण्याच्या बादलीत टाकले. मोजे गडद लाल. त्यांच्यावर कुठला डाग दिसणार? माझं अस्तरही तसंच. रंगसंगती इतकी जमून आली होती, की रक्तालाही आपलं वेगळेपण दाखवता येईना. अंगठ्याच्या खालच्या बाजूला काय चाललंय ते वाकून बघितल्याशिवाय दिसणार नव्हतं, आणि ते वाकत ते फक्त माझ्यावरची धूळ पुसायला.

शुक्रवारी त्यांना कणकण आली. बायको म्हणाली, "चेहरा उतरलाय तुमचा."

"दुकानातल्या एसीचा त्रास आहे."

"उद्या जाऊ नका."

"उद्या शनिवार आहे. शनिवारी मी नसलो तर मजला कोण सांभाळणार?"

तिने त्यांच्याशी वाद घातला नाही. लेकीला फोन केला. "अंगात ताप आहे आणि निघालेत उद्या नटून. माझं ऐकत नाहीत. तू येऊन दोन शब्द सुनाव."

शनिवारी सकाळी लेक चिमणीला घेऊन आली, तेव्हा नवरदेव स्टुलावर बसले होते. डावा बूट पायात, उजवा पाय मोज्यात, आणि मी, म्हणजे माझा उजवा बूट, चिमणीच्या कवेत.

"दे गं आबांना," नवरदेव म्हणाले.

"झटक," चिमणी आईला म्हणाली.

"अगं, आबा मोठे आहेत. त्यांचे बूट नाही झटकावे लागत."

"झटक ना."

लेकीने हसून मला उलटं केलं, झटकलं. काही पडलं नाही. पडणार कसं, रुतली होती ती. "बघ, काही नाही," असं म्हणून तिने मला खाली ठेवलं. सात वर्षांत मी इतकी वैतागले नव्हते. पोरीच्या बोटभर बुटात बोट फिरवणारी ही बाई, बापाच्या बुटात दोन बोटं घालायला तिचं काय जात होतं? तिचं काही चुकलं, असं तिला वाटलंही नाही. वडील धडधाकट, नीटनेटके, सगळ्यांना सल्ले देणारे. अशा माणसाकडे कोण बघतं?

चिमणीने मात्र जमिनीवर पालथं पडून माझ्या आत खांद्यापर्यंत हात घातला. "उठ आता," ती म्हणाली आणि ओढायला लागली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती मागे कोलमडली आणि तिच्या मुठीत कफलिंक होती. सोनेरी राहिली नव्हती.

"अरे, ही बघा," बायको म्हणाली. "मंगळवारपासून घर उपसतोय आम्ही."

लेकीने ती चिमणीच्या हातून घेतली. खिडकीपाशी नेली. तिच्या बोटांना काहीतरी चिकट, काळपट लागलं. तिने बोटं नाकाशी नेली. मग ती परत आली आणि वडिलांसमोर जमिनीवर बसली.

"बाबा, मोजा काढा."

"मला उशीर होतोय."

"काढा."

"अगं पण काही दुखत नाहीये मला."

"म्हणूनच काढा," ती म्हणाली.

मोजा सहज निघाला नाही, चिकटला होता. पुढचं मी सांगत नाही, मित्रांनो, तुम्ही लहान आहात. एवढंच सांगते की नवरदेव स्वतःच्या पायाकडे परक्याच्या पायाकडे बघावं तसं बघत राहिले.

ते तीन आठवडे इस्पितळात होते. उजव्या पायाचा अंगठा गेला. पाऊल राहिलं. डॉक्टरीणबाई लेकीला म्हणाल्या, "आणखी चार दिवस गेले असते तर घोट्याच्या वरून पाय कापावा लागला असता." नवरदेवांनी पहिला प्रश्न विचारला तो दुकानात कधी जाता येईल हा. बाईंनी पायाच्या पट्टीकडे बोट दाखवलं. ते ओशाळून म्हणाले, "दुखलं असतं तर सांगितलं असतं हो मी." त्या म्हणाल्या, "पाय सांगेल याची वाट बघत होतात. त्याची बोलती कधीचीच बंद झाली होती."

लेक पुष्कळ दिवस चिमणीला जवळ घेऊन बसायची. आई तिला म्हणाली, "तू बघितलंस म्हणून तर पाय वाचला."

"मी नाही बघितलं, आई," ती म्हणाली. "मी झटकून ठेवून दिला होता."

नवरदेव आता पुन्हा दुकानात जातात. पायात रुंद तोंडाचे काळे बूट असतात. दिसायला अगदी बोजड, आणि मला त्यांचा हेवा वाटत नाही असं मी म्हणणार नाही. बसायला उंच स्टूल दिलंय. कोणाला बूट दाखवायचे असले की आधी स्वतःचा हात आत घालून सगळीकडून फिरवतात. गिऱ्हाइकांना ते नाटक वाटतं. संध्याकाळी घरी बायको हातात आरसा घेऊन बसते, त्यांचे तळपाय बघते, बोटांच्या बेचक्या बघते. ते कुरकुरतात. ती म्हणते, "हा पास. दुसरा आणा."

मला फेकून दिलं नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलंय, माझ्या कापडी पिशवीत. बकलं काळवंडली. ब्रश लागत नाही, ठोकळे नाहीत. माझं काही म्हणणं नाही. माझी इतकी निगा राखली, त्यातली पाव निगा पायाची राखली असती, तर मी आजही जिने चढत असते आणि पायाला पाच बोटं असती.

मित्रांनो, तुमच्या घरी शुगर असलेलं कोणीतरी असेल. आजोबा असतील, काकू असेल, वडील असतील. बहुतेक करून तेच बाकी सगळ्यांना सांभाळत असतील, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नसेल. आज संध्याकाळी ते घरी आले की त्यांचे बूट आधी तुम्ही घ्या, आत हात घाला, टोकापर्यंत. मग त्यांना मोजे काढायला सांगा. दुखतंय का, असं विचारत बसू नका. ते नाही म्हणतील, आणि ते खरंच असेल. दिवा लावा, जमिनीवर बसा, पाय मांडीवर घ्या आणि बघा.