कठड्याखालची बटणे

मित्रांनो, जिना चढताना तुम्ही ज्याला घट्ट धरता आणि वर पोहोचलात की ज्याला साफ विसरता, तो मी. मी एक जुना लाकडी कठडा आहे. आता मला जिना उरलेला नाही. शहराच्या कडेला जुन्या लाकडाची एक वखार आहे. तिथे चौकटी, खिडक्या आणि तीन पायांचे एक टेबल यांच्या संगतीत मी तुकड्या-तुकड्यांनी, दोरीने बांधलेला पडून आहे. टेबल फार कुरकुर करते. मी ऐकून घेतो. आयुष्यभर लोकांचे वजन पेलले, आता कुरकुर पेलायला माझे काय जाते?

मला एका चिडक्या सुताराने घडवले. तो माझ्यावरून डोळे मिटून हात फिरवायचा. बोटाला कुठे जरा टोचले की पुन्हा पॉलिशपेपर घ्यायचा. इमारतीचा मालक कंटाळून म्हणाला, "मिस्त्री, पुरे की आता! दिसतोय ना छान गुळगुळीत?"

"कठडा बघायला नसतो, शेठ," सुतार म्हणाला. "दिवे गेल्यावर धरायला असतो."

हे वाक्य तेव्हा मला कळले नव्हते. पुढे चांगलेच कळले.

आमची इमारत शहराच्या जुन्या बाजारपेठेत, हमरस्त्यावर होती. तळाला दुकाने, वर तीन मजले. मी तळापासून थेट वरपर्यंत वळणे घेत गेलो होतो. माझ्यावरून किती पोरे घसरली याला गणती नाही. पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे जाणाऱ्यांचे तळवे घामाने चिकट असत, आणि येताना तीच माणसे गाल धरून, माझ्यावर रेलून उतरत. ओले टॉवेल माझ्यावर वाळले, छत्र्या माझ्यावर टांगल्या गेल्या, भांडणात मुठी माझ्यावर आपटल्या. वर्षाआड मला चॉकलेटी रंग फासत. मी कधी तक्रार केली नाही. केली असती तरी कोणी ऐकणार होते?

तळाला बटणांचे एक दुकान होते. दोन भाऊ ते चालवत. थोरला तिसऱ्या मजल्यावर राही, धाकटा पहिल्या. त्यांच्या बायकांना सगळी इमारत थोरल्या काकू आणि धाकट्या काकू म्हणायची. मी आपला मनात थोरली आणि धाकटी म्हणतो. दोघींनी मला इतकी वर्षे हात लावला आहे की मला एवढा हक्क आहे.

धाकटीची नजर हळूहळू गेली. आधी सुईचे भोक दिसेना, मग दुकानाची पाटी, मग नवऱ्याचा चेहरा. एकदा ती थोरलीकडे निघाली आणि भलत्याच मजल्यावर, भलत्याच दारात जाऊन बसली. त्या घरातल्या माणसाने तिला चहा दिला, घरी आणून सोडले. पण ती आठवडाभर बाहेर पडली नाही.

तेव्हा तिच्या नवऱ्याने दुकानातली बटणे आणली. प्रत्येक मजल्यावर, वळणापाशी, माझ्या पोटाला, म्हणजे वरून कोणाला दिसणार नाही अशा जागी, त्याने खाच पाडून एकेक बटण बसवले. पहिल्या मजल्याला कोटाचे मोठे, चार भोकांचे. दुसऱ्याला पितळी, उठावाचे. तिसऱ्याला काचेचे, हाताला गार लागणारे.

"बघ आता," तो बायकोला म्हणाला.

"मला काय बघायला सांगताय? थट्टा सुचतेय?"

"हातानं बघ गं."

तिने बघितले. खाली-वर दोनदा जाऊन आली. काचेच्या बटणापाशी उभी राहून तिने वर हाक मारली, "जाऊबाई, दार उघडा, मी आपली आपण आलेय!" त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की आपण लाकूड असलो तरी कोणाच्या तरी कामाचे लाकूड आहोत.

पुढे दोन्ही भाऊ गेले. दुकान एका घड्याळजीने घेतले. थोरलीच्या खुब्याचे हाड मोडले आणि ती तिसऱ्या मजल्यावर अडकली. मग दोघींनी कामे वाटून घेतली. धाकटी माझा हात धरून खाली जाई, भाजी आणी, वर नेऊन देई. थोरली खिडकीतून रस्ता बघे आणि तिला सगळा सांगे. कोणी नवी सायकल घेतली, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या पोराला चष्मा लागला.

"ही काकडी आणलीस का छत्रीची मूठ?" थोरली विचारायची.

"मला दिसत नाही, जाऊबाई."

"हाताला तर कळतं ना! भाजीवाला तुला फसवतो. मी असते ना, तर त्याला उभा सोलला असता."

"म्हणूनच देवानं तुम्हाला वर ठेवलंय. आपण दोघी मिळून एक धड बाई होतो, बास झालं."

आणि दोघी हसत. ते हसणे माझ्या अंगातून तळापर्यंत जाई.

आता एक गोष्ट सांगतो, ती फक्त मला ठाऊक होती असे मी समजत होतो. दुपारी सगळी इमारत निजली की थोरली दार उघडायची. मला धरून, पायरीवर बसत बसत, ती दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत उतरायची. तिथे रस्त्याचा आवाज नीट येतो. ती माझ्या गजांना डोके टेकून बसून राही. खाली रिक्षाचा भोंगा, भाजीवाल्याची हाक. मग तशीच, दात-ओठ आवळत, वर जाई. पण पहिल्या मजल्यावर एक दार किलकिले असायचे. नजर गेलेल्या माणसाला झोपलेल्या इमारतीतला श्वाससुद्धा ऐकू येतो. संध्याकाळी धाकटी विचारायची, "दुपारी झोप लागली का, जाऊबाई?"

"अगदी गाढ."

"बरं झालं."

मग बाजारपेठेतल्या जुन्या इमारती पाडायच्या अशी बोलणी सुरू झाली. बिल्डरचा माणूस पुठ्ठ्याची इमारत घेऊन आला. तिला हिरवी झाडे होती, काचेची लिफ्ट होती आणि दारात चिमुकली माणसे उभी होती. त्यांतल्या एकाच्याही हातात भाजीची पिशवी नव्हती. त्याच्या पाठोपाठ जुन्या इमारती वाचवणारी मंडळी आली. त्यांनी माझे फोटो काढले आणि मला वारसा म्हणाले. आदल्या दिवशीपर्यंत माझ्यावर पायपुसणी वाळत होती, त्यामुळे मी जरा लाजलोच. माणसे चांगली होती. पण दुसऱ्या मजल्यापर्यंत चढताना त्यांना धाप लागली, आणि त्यांतली एक बाई दुसरीला म्हणाली, "आपल्याकडे लिफ्ट आहे ते किती बरं."

पालिकेने सांगितले, रहिवाशांपैकी जास्त जण म्हणतील तसे होईल. आमच्या इमारतीत सभेला खोली नव्हती. सभा जिन्यावरच भरायची, ज्याने त्याने आपापल्या मजल्याच्या पायरीवर बसायचे. मताचीही आमची एक रीत होती. सगळ्यांनी कठड्यावर हात ठेवायचा, आणि ठराव मान्य नसेल त्याने हात काढायचा. रंग कोणता लावायचा, पाण्याची टाकी कधी धुवायची, सगळे असेच ठरत आले. त्या सभेत ठराव होता, इमारत पाडू नये, दुरुस्त करावी.

"दुरुस्ती किती करणार?" डॉक्टर म्हणाले. "छत गळतंय. परवा पेशंटच्या उघड्या तोंडात थेंब पडला. मी चूळ भरायला सांगितलंही नव्हतं!"

"आणि मला कुठं टाकणार?" घड्याळजी उसळला. "तळघरात, गाड्यांच्या शेजारी! नव्या नकाशात दाखवलंय. घड्याळाला उजेड लागतो, डॉक्टर. तुमच्यासारखं दिवा तोंडात घालून काम नाही होत."

"मोठ्यानं बोला की!" वरून थोरली ओरडली. "इथं नुसता खोकला ऐकू येतो!"

"काकू, तुमचं काय मत?" डॉक्टरांनी मान वर करून विचारले. "लिफ्ट येईल. तुम्हाला खाली उतरता येईल."

"मला कुठं जायचंय? मला खिडकी आहे. आणि खाली काय सोनं लागलंय? ही पायरी, हा कठडा, धाकटीला पाठ आहे सगळं. नव्या इमारतीत ती चाचपडत बसेल. ठेवा इमारत."

ती खरे बोलत होती आणि खोटेही बोलत होती. मला दोन्ही कळत होते. आणखी एकीला कळत होते.

सगळ्यांचे हात माझ्यावर आले. मग एकेक निघू लागले. डॉक्टरांचा निघाला, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांचे निघाले. घड्याळजी मोठ्याने मोजत होता. इकडचे आणि तिकडचे जवळजवळ सारखेच. शेवटी एक हात काढला जातो का एवढाच प्रश्न उरला. धाकटी पहिल्या मजल्याच्या वळणापाशी बसली होती. तिचा तळवा माझ्यावर होता आणि बोटे खाली वळून चार भोकांच्या त्या बटणावर टेकली होती. नवऱ्याने बसवलेले ते बटण तिने एकदा अंगठ्याने पुसले, चष्म्याची काच पुसावी तसे.

आणि तिने हात काढला.

"पाडा म्हणणारे एकाने जास्त," घड्याळजी म्हणाला. वरून थोरलीने वाकून बघितले. "अगं, निसटला का हात? ठेव परत."

"निसटला नाही, जाऊबाई. काढला."

"तू?"

"हो. मीच."

"भाऊजींनी तुझ्यासाठी…" थोरलीचा आवाज फाटला. दार लावल्याचा आवाज आला. ते दार त्यानंतर धाकटीसाठी उघडले नाही. धाकटी भाजी दारात ठेवून येई. दुपारच्या वेळी कोणी उतरेना. मी वाट पाहत असे, कारण वाट पाहण्याखेरीज कठड्याला काही येत नाही.

इमारत रिकामी करायच्या दिवशी थोरलीला खुर्चीवर बसवून हमालांनी खाली आणले. नवी इमारत होईपर्यंत सगळ्यांना वेगवेगळ्या ठिकाणी भाड्याची घरे मिळाली होती, तिचे शहराच्या एका टोकाला, धाकटीचे दुसऱ्या. पहिल्या मजल्यावर ती म्हणाली, "थांबा जरा." तिने माझ्या पोटाखाली हात घातला, बटण शोधले आणि त्यावर बोट ठेवून बसली. धाकटी दारात उभी होती, कान पुढे करून. एक शब्द, मित्रांनो. कोणाही एकीने एक शब्द बोलायचा होता.

"चला," थोरली हमालांना म्हणाली.

मला करवतीने कापले. दुखले का, असे तुम्ही विचाराल. त्या "चला"पेक्षा कमी दुखले.

मग मी या वखारीत आलो. पावसाळे गेले. आमच्या जागी अजून पत्र्याचे कुंपण आणि आत खड्डा आहे, असे परवा कळले. कारण परवा धाकटी आली. घड्याळजीचा हात धरून वखारी पालथ्या घालत होती. आमच्या ढिगापाशी बसून तिने एकेक लाकूड पालथे करून चाचपले. पितळी बटण लागले तेव्हा तिचा हात तिथेच थांबला.

"हाच," ती म्हणाली.

वखारवाला भला माणूस. म्हणाला, "बटणं उपटून देऊ का, काकू? न्या घरी."

"नको. जिन्याशिवाय ती वाचू कशी मी?" मग ती घड्याळजीला म्हणाली, "मी राहते तिथं स्टीलचे पाइप आहेत. सगळे मजले हाताला सारखेच लागतात. मी घरातच बसते." तक्रारीच्या सुरात नाही, हवापाण्याचे सांगावे तसे.

घड्याळजी घुटमळला. "थोरल्या काकूंना जाऊन वर्ष होईल आता."

"ठाऊक आहे. शेवटी तुम्ही त्यांना भेटत होतात ना? तिथं लिफ्ट होती?"

"होती. चाकाच्या खुर्चीतून रोज खाली यायच्या. भाजी स्वतः घ्यायच्या."

"हसायच्या?"

"छे! भांडायच्या. भाजीवाला त्यांना बघून गाडी वळवायचा."

"म्हणजे खूश होत्या," धाकटी म्हणाली आणि तिचे तोंड हसता हसता वाकडे झाले.

"तुम्ही सांगायचं होतंत, काकू. त्यांच्यासाठी हात काढला म्हणून."

"आणि मग? रोज खाली उतरताना त्यांना माझी आठवण काढून ओशाळं व्हावं लागलं असतं. ओशाळ्या माणसाला मोकळेपणानं भांडता येतं का?" तिने पितळी बटणावरून अंगठा फिरवला. "पण सांगायला हवं होतं. त्यांनी दुपारचं सांगायला हवं होतं, मी हे. दोघी एकमेकींची काळजी करत बसलो, आणि बोलायचं तेवढं राहिलं."

मग तिने ते दुसऱ्या मजल्याच्या वळणाचे लाकूड मांडीवर घेतले, जिथे थोरली दुपारी टेकून बसायची. तिथे माझा चॉकलेटी रंग उडून आतले लाकूड दिसते. तिला ते दिसले नाही, पण सापडले. तिने त्यावर तळवा ठेवला आणि काढला नाही. आमच्या रीतीप्रमाणे ते मत होते. मोजणारा शेजारीच उभा होता, पण मोजायला सभा उरली नव्हती.

मित्रांनो, जुनी इमारत ठेवावी की पाडावी, हे मला विचारू नका. मी छत गळताना पाहिले आहे आणि घर गमावलेले माणूसही. पण तुमच्या गल्लीत कधी असा वाद निघाला, तर हात वर करण्याआधी किंवा खाली घेण्याआधी शेजारच्या माणसाला विचारा, दुपारी तू खरंच झोपतोस का? आणि जिना उतरताना घाई करू नका. कठड्याला धरा, त्याला बरे वाटते. एकदा मान वर करून बघा, वरच्या वळणावर कोणी बसले आहे का. असेल, तर परत चढा आणि त्याच्या शेजारी बसा.