माइकवर पुकारलेलं नाव

जालिंदरने पोरीचं नाव माइकवर पुकारलं आणि त्याच दिवसापासून पोरीची वाचा बसली.

चौदा एप्रिलची जयंती जवळ आली की काष्टी गावात टेम्पोला कर्णा बांधून गावभर फेरी निघायची. त्या वर्षी माइक जालिंदरच्या हातात आला. "यंदाचं मुख्य भाषण करणार आमची कन्या, भावी कलेक्टर, कुमारी दीपा!" बाजारतळापासून शाळेच्या फाटकापर्यंत त्याने हे घसा बसेपर्यंत सांगितलं. साखर कारखान्यात पोती वाहणाऱ्या माणसाला दुसरं मिरवायला होतं तरी काय?

नववीतली दीपा घरी आली, दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"मी भाषण करणार न्हाई. शाळेतबी जाणार न्हाई."

"का? बापाची लाज वाटती? का कुणाच्या नादी लागलीस?" जालिंदर कडाडला. पोरगी बोलेना, तसा तो जास्तच पेटला. "मग शाळा बंद! जयंती झाली की कर्जतच्या स्थळाला कळवतो."

त्याची आई बनाबाई दारात गहू निवडत होती. तिच्या हातातलं सूप थांबलं. दीपाच्या वयाची असताना ती स्वतः सासरी भाकरी थापत होती. पोर शहाणी झाली की लगेच सासर. मधे आणखी एक वय असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिला सांगितलं मुक्ताबाईच्या टीव्हीने.

मुक्ताबाई म्हणजे शेजारची बागायतदारीण. तिच्या रानात बनाबाईने उभी हयात खुरपणी केलेली. आता दोघींचे गुडघे गेले होते, म्हणून शाळकरी पोरापोरींची मालिका लागली की दोघी टीव्हीपुढे पाय पसरून बसायच्या. मालिकेतली विनिता गळ्याची गोड होती. घरी पाहुणा आला की आई तिला गायला पेटीपुढे बसवायची. त्या दिवशीच्या भागात पोरीने पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली विहिरीत फेकली.

"कामं न्हाईत म्हणून रुसत्यात," मुक्ताबाई म्हणाली. "आमच्या टायमाला रुसायला सवड हुती का?"

"सवड नव्हती. पर रुसावं तर वाटायचंच की, मुक्ताबाई."

पडद्यावर आई पोरीजवळ बसली. म्हणाली, "तुला काय पाहिजे, ते सांग." पोरीने मान वर केली, तोंड उघडलं आणि वीज गेली.

"मुडदा बशिवला त्या विजेचा!" मुक्ताबाई ओरडली. "आता काय म्हणली ती, कसं कळायचं?"

बनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "आमच्या घरी एक हाय. तिला इचारते."

दीपा ओट्यावर बसली होती. बनाबाई शेजारी टेकली. उपदेश केला नाही की डोक्यावरून हात फिरवला नाही.

"दीपे, तुला काय पाहिजे?"

दीपाने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग एकदम म्हणाली, "मला कुणी पुकारू नये! वर्गात शिरले की पोरं उभी राहत्यात. म्हणत्यात, 'कलेक्टरीणबाई आल्या, अर्ज काढा.' उत्तर चुकलं की बाकं वाजवत्यात. घरी पाहुणा आला की अण्णा म्हणत्यात, इंग्रजी बोलून दाखव. आजी, मी काय नंदीबैल हाय का?"

बनाबाईला विहाराची पाटी आठवली. मागच्या वर्षी ती साक्षरतेच्या वर्गाला जायची. घरी अक्षरं गिरवून घ्यायची ती दीपाच. तेव्हा जालिंदरने आईला चार माणसांत विहाराच्या पाटीपुढे उभं केलं होतं. "आये, वाच!" घोटून पाठ केलेली अक्षरं मुंग्यांसारखी पळाली होती. तेव्हा दीपाच म्हणाली होती, "राहू द्या, अण्णा. आजीला वाटंल तवा वाचंल ती."

जालिंदर कामावरून आला तशी बनाबाईने त्याला दीपाचं म्हणणं सांगितलं आणि त्या पाटीची आठवण करून दिली.

"पर आये, ती हुशार हाय. बापानं सांगूबी नये?"

"तुझ्या मनात हाय ते चांगलंच हाय. पर तिला अजून पंख फुटत्यात, आन् तू धरून लोकांना दाखवतूस. नादीबिदी कुणाच्या लागली न्हाई ती."

जालिंदरने टोपी काढून हातात घेतली. "समदीकडं नाव पुकारलंय. आता काय तोंड दाखवू?"

"माझं दाखव. तिच्या जागी मी वाचते."

जयंतीच्या दिवशी बनाबाई पांढरं लुगडं नेसून माइकपुढे उभी राहिली. तिने कागद डोळ्यांजवळ धरला. "मी बनाबाई. मी म्हातारपणी शिकले. मला माझ्या..." पुढच्या शब्दाला ती अडली. मांडवात चुळबुळ झाली. आईला शब्द सांगायला जालिंदरने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"...नातीनं शिकवलं," बनाबाईने वाचलं. टाळ्या पडल्या.

मांडवाच्या कडेला दीपाच्या वर्गातली पोरं उभी होती. त्यातला एक शेजारच्या दीपाला म्हणाला, "कोण गं ही म्हातारी?"

दीपाने त्याच्याकडे सरळ बघितलं. "माझी आजी हाय. मीच शिकवलंय तिला. उद्या शाळेत आले की सांगते, कसं शिकवलं ते."

जालिंदर दोन हातांवरच उभा होता. त्याने सगळं ऐकलं. शेजारच्या माणसाचा दंड धरून 'ही माझी पोरगी' असं सांगावं, म्हणून त्याचा हात उचललाही गेला. पण त्याच हाताने त्याने डोक्यावरची टोपी नीट केली आणि छाती भरून श्वास घेतला.