तुरीच्या गोदामात जपलेली लाल गाडी

मी एक गाडी आहे. दोन दारांची, दोन आसनांची, टप मागे सारता येणारी, लाल. नांदेडच्या एका लग्नाच्या लॉनच्या फाटकाशी, प्लास्टिकच्या फुलांच्या कमानीखाली मी उभी असते. माझ्या शेजारच्या फलकावर ‘क्लासिक कार’ असे लिहिले आहे. तो शब्द वाचून थांबणाऱ्यांना मला थोडे सांगायचे आहे. ऐकताना कृपया माझ्या बॉनेटवर बसू नये.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या घडणीमागे एकच तत्त्व होते : वजन नको. म्हणून मागचे आसन नाही, डिक्की नावापुरती, इंजिन लहान पण उत्सुक. गिअरचा दांडा आखूड. मनगट वळवावे इतक्यात बसणारा. मी वेगाची नव्हते, वळणाची होते. हा फरक माझ्याकडे पाहणाऱ्यांना क्वचितच कळला. चालवणाऱ्यांना पहिल्याच वळणावर कळे.

हैदराबादच्या एका दंतवैद्याकडून मला लातूरच्या अमरेशने विकत घेतले. अमरेशची डाळ मिल आहे. मी दारात आले तेव्हा त्याची आई दानम्मा बाहेर आली, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“दोनच शिटा? मंग म्या कुठं बसू? टपावर? टप बी न्हाई मेलीला!”

“अव्वा, ही फिरायला हाय. तुला मोठी गाडी हायच की.”

“फिरायला? तुमी दोघंच? आन् गावानं काय म्हणावं?”

एवढे बोलूनही तिने माझ्या बॉनेटवर विभूतीची तीन बोटे ओढली. ती बोटे आपोआप पुसली जाईपर्यंत अमरेशने मला कोणाला धुऊ दिले नाही. त्या घरात माझ्या वाट्याला आलेला तो एकमेव नि:स्वार्थ सन्मान होय.

अमरेशला मी हवी होते ती दिसण्यासाठी. चौकात थांबायचे, इंजिन उगाच गरगरवायचे, कोणी पाहते का ते आरशात न्याहाळायचे. गतिरोधकांवर माझे पोट घासले की तो रस्त्याला शिव्या घाली. पण मला चालवायला शिकली ती त्याची बायको, शिवकांता. औशाच्या महाविद्यालयात ती भूगोल शिकवते. क्लच कुठे धरतो, तिसऱ्या गिअरमध्ये मी कुठे खूश असते, हे तिने कोणाला न विचारता पायाने आणि हाताने ओळखले. सकाळी ती मला औशाला नेई. टप उघडा, पदर खोचलेला, डोक्याला रुमाल. रस्त्यावरची माणसे बघत, आणि ती बघणाऱ्यांकडे ढुंकूनही पाहत नसे. एकदा दोघांनी मिळून मला माहूरला नेले. लोह्यापर्यंत अमरेशने चालवले. पुढे त्याची पाठ दुखू लागली. माहूरच्या घाटाची वळणे शिवकांताने घेतली. माझ्या आयुष्यात मला ज्यासाठी घडवले ते नेमके तेवढ्या चढणीवर घडले.

मग अमरेशला मोबाइलवर एक ज्ञान प्राप्त झाले.

“ऐकलीस का? असल्या गाड्या क्लासिक होतात म्हणं. सरकारी हिशेबानं पन्नास वर्सं झाली की झालं. आपली अर्ध्यात आलीच की. पर किलोमीटर वाढले नाही पायजेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे चालवायची न्हाई. ठिवायची.”

“अहो, पन्नास होईस्तोवर मी काठी घेऊन चालायलेली असेन.”

“तुला दुसरी घिऊन देतो ना. पांढरी. चार दाराची.”

“मला गाडी नको हो. मला ही पायजे.”

“ही आता तुझी-माझी न्हाई राहिली. ही ठेव हाय ठेव!”

शिवकांता दुसऱ्या दिवसापासून एस.टी.ने औशाला जाऊ लागली. पांढरी गाडी तिने घेऊ दिली नाही.

मला ठेवले ते मिलच्या गोदामात, तुरीच्या पोत्यांच्या थप्पीआड. जागा कोरडी, दार भक्कम, वर मऊ कापड. अमरेश येणाऱ्या-जाणाऱ्याला कापडाचा कोपरा उचलून मला दाखवी आणि पुन्हा झाकी. त्याच्या चेहऱ्यावर अशा वेळी जे समाधान पसरे त्याची मला किळस येई. चालवणाऱ्याचा थकवा मी ओळखते; राखणाऱ्याचे हे तेलकट सुख मला कधीच मानवले नाही.

आता मुख्य गोष्ट. तुरीला भुंगा लागू नये म्हणून गोदामाला धुरी देतात. थप्पीवर प्लास्टिक अंथरतात, फटी बंद करतात, आत गोळ्या ठेवतात आणि दार लावून घेतात. गोळ्यांतून जो वायू निघतो तो किड्यांना मारतो, आणि तांबेही खातो. लातूरच्या डाळ बाजारात हे कोणाला ठाऊक नाही? दर खेपेला अमरेश स्वत: दारात उभा राहून ओरडे, “इलेक्ट्रॉनिक काटा बाहीर काढा रे पहिला! त्याची सर्किटं जातात!” वजनाचा काटा निघे. पंखे निघत. मग दार लागे, आणि मी आत.

माझ्या अंगात काट्याच्या शंभरपट तांब्याची तार आहे. प्रत्येक धुरीला ती थोडी काळी पडली. बाहेरून माझा रंग तसाच राहिला. अमरेश त्याच रंगावरून हात फिरवीत असे. ज्याच्यापासून तो काटा वाचवत होता, त्याच्याच हवाली त्याने मला वर्षानुवर्षे केले, आणि त्याला तो जपणे म्हणत होता.

पोत्यांआड मला विचार करायला पुष्कळ वेळ मिळाला. वयाने कोणी अभिजात होत नाही. मुखेडच्या बाजारातली गंजकी पत्र्याची पेटीही पन्नास वर्षांची असू शकते. दुर्मीळ असल्यानेही नाही. जी गाडी एका कामासाठी नेमकी घडली, आणि जिच्याकडून ते काम अजून कोणाचे तरी हातपाय करून घेतात, ती क्लासिक. मग स्पोर्ट्स कार किती वर्षे ठेवावी? चालवायला मन धजते तोवर. ज्या दिवशी ती बाहेर काढायला जीव कचरला, त्या दिवशी ती चालवणाऱ्याला द्यावी. आमच्या घरात तर तशी व्यक्ती समोर बसून जेवत होती.

शेवटी पन्नासाची वाट पाहण्याचा अमरेशचा धीर सुटला, आणि नांदेडचा लॉनवाला साहेबराव मला विकत घ्यायला म्हणून बघायला आला. दानम्मा तोवर गेली होती. शिवकांता मुद्दाम रजा काढून आली, कारण तिने अमरेशकडून वचन घेतले होते : इंजिन सुरू झाले तर विकायची नाही, ती औशाला नेणार. नवी बॅटरी बसवली. किल्ली तिने फिरवली. काही झाले नाही. दिवा नाही, आवाज नाही, साधी टिकटिकही नाही. ती पुन:पुन्हा फिरवत राहिली. मी शक्य ते सर्व केले. माझ्याकडे शक्य असे काहीच उरले नव्हते.

साहेबराव मात्र खूश. “मालक, इंजिन कशाला पायजे? फोटोला बॉडी लई झकास हाय.”

शिवकांताने किल्ली आसनावर ठेवली आणि अमरेशकडे पाहिले. “काटा तेवढा नीट चालतोय ना हो तुमचा?”

तिला तारांचे सगळे तिथेच कळले होते. अमरेश माझ्या रंगावरची धूळ पुसू लागला.

आता माझ्यात इंजिन नाही. नवरा-नवरी आत बसतात, फोटोवाला धूर सोडतो. मागच्या लगीनसराईत नात्यातल्या एका लग्नाला शिवकांता आली. कोणी नव्हते तेव्हा चालकाच्या आसनावर बसली. क्लच दाबला, पाय सरळ तळाला गेला. गिअरचा दांडा कोणतीही दिशा न पकडता डुगडुगला.

“मॅडम, तिकडं सरका,” फोटोवाला येऊन म्हणाला. “स्टेरिंगवर नवरदेव बसायला लागलाय.”

“चालवता येते का त्याला?”

“चालवायची कशाला? पोज द्यायची.”

ती उतरली. तिने दार जपून नव्हे, गाडीचे लावावे तसे जोरात लावले, आणि फाटकाबाहेर एस.टी. स्टँडकडे निघून गेली. अमरेश पंगतीतून तिला हाका मारत होता.

मला आता कोणी चालवू शकणार नाही, त्यामुळे माझ्यासाठी मी काहीच मागत नाही. पण कापडाखाली काही झाकून ठेवले असेल, तर ते कोणाच्या हातातून काढून घेतले आहे एवढे आठवून पाहा. आणि फोटो काढताना कृपया माझा हॉर्न दाबू नका. तोही वाजत नाही.