मशीन उतरवण्याची संध्याकाळ

“कंट्रोल बोलतेय. गॅस, मशीन सर्वांत खालच्या भारावर ठेवा.”

“सर्वांत खालच्या भारावर ठेवतो,” पलीकडून तिच्या नवऱ्याचा आवाज आला आणि लगेच सरकारी सूर सोडून तो म्हणाला, “डबा खाल्लास का?”

“ही लाइन रेकॉर्ड होते.”

“होऊ दे की. पुढच्या पिढ्यांना कळेल, तू वेळेवर जेवत नाहीस ते.”

मागच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. तिनं रिसीव्हर ठेवला आणि भिंतभर पसरलेल्या त्या उजळ नकाशाकडे पाहिलं. शहराची सगळी वीज तिथं बारीक रेषांतून वाहत होती, आणि त्या रेषांना कुठं वळायचं हे या खोलीतून सांगितलं जाई. सांगण्याचा नियम एकच. दिलेला हुकूम ऐकणाऱ्यानं शब्दशः परत म्हणायचा. म्हटला नाही, तर तो दिलाच गेला नाही असं धरायचं. ही सवय तिच्या घरातही शिरली होती. “दूध तापवा,” ती म्हणे. “दूध तापवतो,” तो म्हणे, आणि मुलगी कपाळावर हात मारून घेई. दोघांचं लग्नही याच लाइनवर जमलं, असं सहकारी चेष्टेनं म्हणत. ते खोटं होतं, पण फारसं खोटं नव्हतं.

नवरा गॅसवर वीज करणारं मशीन चालवी, म्हणून लाइनवर त्याचं नावच ‘गॅस’. तो गॅस दूरदेशाहून जहाजानं येई. जहाज अडलं की शहराचा जीव टांगणीला लागे. म्हणून वर्षभर जुळवाजुळव चालली होती. माळावर सौर पट्ट्या आल्या, टेकडीवर पवनचक्क्या, आणि सरहद्दीपलीकडच्या धरणापर्यंत एक नवी जाड तार गेली. दुपारचं जास्तीचं ऊन वीज होऊन पलीकडे विकलं जाई, तेवढा वेळ ते आपलं पाणी धरणात राखून ठेवत, आणि संध्याकाळी त्याच पाण्याची वीज इकडे विकत घेतली जाई. आज पहिल्यांदाच संध्याकाळ मशीनशिवाय पार पाडायची होती. पार पडली, तर पुढचं जहाज मागवायचं नाही असं ठरलं होतं.

हे व्हावं म्हणून तिनं जिवाचं रान केलं होतं. आणि तरीही सकाळपासून तिनं डबा उघडला नव्हता. मशीनचा पाया ओतला गेला त्या दिवसापासून नवरा तिथं होता. दिवेलागणीची वेळ म्हणजे त्याला हाक येण्याची वेळ, असं त्याचं सारं आयुष्य गेलं. आता ती हाक थांबवायची होती, आणि थांबवणारा आवाज तिचा असणार होता. आठवडाभर तो या विषयावर एवढंच बोलला होता, “बघू.”

ऊन उतरलं. पश्चिमेला ढगांची एक रांग अवेळी येऊन उभी राहिली, आणि सौर पट्ट्यांची रेषा ठरल्या वेळेआधीच बारीक झाली; वीज पुरतेय का ते दाखवणारा नकाशावरचा काटा खाली गेला. शहरात घराघरांतून दिवे लागत होते. वारा मात्र टेकडीमागे रेंगाळलेला.

मोठे साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “राहू दे हो. चढवा मशीन. उद्या बघू.”

“साहेब, एक फोन करते.”

सरहद्दीपलीकडच्या धरणावर फोन घेणारे काका तिनं कधी पाहिले नव्हते. त्यांचा खोकला तेवढा ओळखीचा होता. “काका, पाण्यावरचा अजून एक वीजसंच लावता का? आमचं ऊन पळालं.”

“लावतो की, ताई. दुपारी तुम्हीच तर धरण भरून दिलंत. दुसरा संच लावतो.”

“दुसरा संच लावता,” तिनं परत म्हटलं.

तेवढ्यात गॅसची लाइन वाजली. स्पीकर चालू होता.

“गॅस बोलतोय. भार चढताना दिसतोय. मशीन गरम आहे. चढवू का?”

त्या आवाजात एक आतुरता होती. ‘चढवा’ म्हणणं किती सोपं होतं! साहेब खूश, तो खूश. तिनं नकाशाकडे पाहिलं. पलीकडून येणारी रेषा जाड होत गेली, मग टेकडीवरच्या पवनचक्क्यांची रेषा थरथरली आणि तीही भरू लागली. खाली गेलेला काटा सावकाश मध्यावर येऊन स्थिरावला.

“कंट्रोल बोलतेय,” ती म्हणाली. “मशीनची गरज नाही. उतरवा. बंद करा.”

लाइनवर नुसती घरघर. साहेबांनी चष्मा काढला.

“गॅस,” ती म्हणाली, “परत म्हणा.”

“मशीनची गरज नाही,” तो एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा म्हणाला. “उतरवतो. बंद करतो.” आणि जरा थांबून, “गॅस बोलतोय. नवऱ्याची गरज आहे. आता तू परत म्हण.”

तिला हसू आवरेना, आणि डोळेही आवरेनात. पण नियम तो नियम. ताठ बसून, अगदी सरकारी सुरात ती म्हणाली, “नवऱ्याची गरज आहे.”

सारी खोली फुटल्यासारखी हसली. “रेकॉर्ड झालं हो!” मागून कुणी ओरडलं. साहेबांनी तर टेबलावर थापच मारली.

कामाची पाळी संपल्यावर ती थेट मशीनच्या दालनात गेली.

“ये, ये!” तो नेहमीसारखा ओरडला, आणि त्या प्रचंड शांततेत आपलाच आवाज ऐकून ओशाळला. उभ्या जन्मात इथं ओरडल्याशिवाय कुणी बोललंच नव्हतं.

“अजून फिरतोय?” मशीनच्या दांड्याकडे बोट दाखवत तिनं हळूच विचारलं.

“फिरवावाच लागतो. गरम असताना एका जागी थांबला, तर आपल्याच वजनानं वाकतो. थंड होईपर्यंत असा हळूहळू फिरवत ठेवायचा. म्हणजे सरळ राहतो.” तो कुजबुजल्यासारखं बोलत होता, हा आवाज तिनं फक्त मुलीच्या पाळण्याशी ऐकला होता. “वेळ लागेल. तू जा घरी.”

“अहो, सरका थोडे.”

तो बाकावर सरकला. ती टेकली. समोर तो जड, चकचकीत दांडा कसलाही आवाज न करता फिरत होता.